तळहातावर मावणारी स्पॅनिश व्यक्तिचित्रं: अभ्यास कुठून सुरू करावा?

सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश दरबारातली लघु व्यक्तिचित्रं हा माझ्या अभ्यासाचा विषय. नवे विद्यार्थी विचारतात, पहिलं लघुचित्र कोणतं बघू? मी सांगते, आधी मोठं चित्र बघा.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात राणी इसाबेल दे व्हालोआचं पूर्णाकृती चित्र आहे. सोफोनिस्बा आंग्विसोला या इटालियन चित्रकर्तीनं ते १५६१ ते १५६५ च्या दरम्यान रंगवलं. राणीच्या हातात नवऱ्याचं, राजा दुसऱ्या फिलिपचं, इवलंसं चित्र आहे. (पुढे पोर्तुगालची गादीही त्याच्याकडे आली आणि गोवाही त्याच्या राज्यात आला.) लघुचित्र हातात कसं धरत, ते धरून काय सांगत, हे इथे दिसतं. आपण कोणाच्या आहोत हे राणी न बोलता सांगते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या सुट्या लघुचित्रातून हे कधीच कळलं नसतं.

मात्र हातातली प्रत्येक छोटी प्रतिमा रंगवलेली असतेच असं नाही. प्रादोमध्येच दरबारी चित्रकार सांचेझ कोएयोच्या चित्रात फिलिपची मुलगी, राजकन्या इसाबेल क्लारा एउखेनियाच्या हातातही फिलिपच आहे, पण तो कोरीव रत्नातला. नीट बघायची सवय अशा जोड्या लावूनच लागते.

चित्र नेमकं कोणी काढलं, हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात प्रिय. राणीचं ते चित्रसुद्धा बराच काळ दुसऱ्या चित्रकारांच्या नावावर होतं. लघुचित्रांवर तर बहुधा सहीच नसते. म्हणून बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातलं सोफोनिस्बाचं आत्मचित्र मला फार मोलाचं वाटतं. ते स्पेनला जाण्याआधीचं, साधारण १५५६ चं. चर्मपत्रावर जलरंगात केलेलं, जेमतेम ८ सेंटिमीटर उंचीचं. हातातल्या गोल ढालीच्या कडेनं तिनं लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की क्रेमोनात (इटलीतलं तिचं गाव), आरशात बघून, स्वतःच्या हातानं हे रंगवलं. इतकी स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते.

स्पॅनिश शिकाच, आणि सोबत त्या काळचं हस्ताक्षर वाचायलाही. ते किचकट आहे, पण वाड्यांमधल्या वस्तूंच्या याद्या वाचल्याशिवाय हा अभ्यास पुढे सरकत नाही. १६०४ मध्ये माद्रिदजवळच्या एल पार्दोच्या राजवाड्याला आग लागली आणि तिथलं व्यक्तिचित्रांचं दालन जळालं. अशा चित्रांपर्यंत पोचायला कागदावरच्या नोंदीच उरतात.

प्रत्यक्ष बघायला जाण्याआधी संग्रहालयाला पत्र लिहा. चर्मपत्रावरचे जलरंग उजेडानं फिके पडतात. त्यामुळे ती चित्रं मंद प्रकाशात, साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक), ठेवतात आणि अधूनमधून आत नेतात. तांब्याच्या पत्र्यावरची तैलचित्रं उजेड जास्त सोसतात. परवानगी मिळाली तर मागची बाजू जरूर बघा. चिठ्ठी, जुना क्रमांक, कापलेली कड, काहीही सापडू शकतं.

आणि छापील पुस्तकातल्या आकारावर जाऊ नका. तिथे लघुचित्र पानभर मोठं करून छापतात. दिलेल्या मापाचा कागद कापून समोर ठेवा आणि मगच वर्णन लिहायला घ्या.