श्यांगची आणि शोगीचं लग्न लावताय? आधी या चुका टाळा

श्यांगची म्हणजे चिनी बुद्धिबळ, शोगी म्हणजे जपानी. श्यांगचीचा पट, त्यावर शोगीचा 'मारलेली सोंगटी आपल्या बाजूने पुन्हा उतरवायची' हा नियम. दोन्ही पट नऊ रांगा रुंद, त्यामुळे ही कल्पना प्रत्येक हौशी माणसाला एकदा तरी सुचतेच. मलाही सुचली. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच जोडखेळांच्या वह्या माझ्यापुढे आल्या आणि चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक: उतरवण्याचा नियम उचलायचा आणि त्याचं कुंपण मागेच ठेवायचं. शोगीत ज्या उभ्या रांगेत आपलं साधं, बढती न मिळालेलं (म्हणजे उलटवून जास्त ताकदीचं न केलेलं) प्यादं आहे, तिथे दुसरं प्यादं उतरवता येत नाही. प्यादं उतरवून त्याच चालीत मात करता येत नाही. शिवाय तिथे लांबवर मारा करणाऱ्या सोंगट्या मोजक्याच: प्रत्येकाला एक रथ (आपल्या हत्तीसारखा), एक उंट आणि सरळ पुढेच जाणारे दोन भाले. श्यांगचीत प्रत्येकाकडे दोन रथ आणि वर दोन तोफा. तोफ मारताना मध्ये नेमकी एक सोंगटी लागते, तिच्यावरून उडी मारून ती पलीकडचं खाते.

आता माझी फजिती ऐका. पहिला नमुना तयार झाला तसा बारा वर्षांच्या भाच्याला बसवला. त्याने तोफ मधल्या रांगेत आणली आणि माझं मधलं प्यादं खाल्लं. तोफ आणि माझा सेनापती, म्हणजे श्यांगचीतला राजा, यांच्यात आता काहीच नव्हतं. मी मनात म्हटलं, मध्ये सोंगटी नाही म्हणजे शह नाही, आणि निवांत घोडा काढला. कार्ट्याने हातातलं तेच प्यादं मधोमध ठेवलं. शह! मी सल्लागार, म्हणजे सेनापतीजवळची रक्षक सोंगटी, आडवा घातला, तर प्याद्याने तोही खाल्ला. पुन्हा शह, आणि आता सल्लागारही त्याच्या हातात. अकराव्या चालीला मी संपलो. "मामा, हा खेळ जो आधी सुरू करेल त्याचाच आहे," असं ऐकवून तो क्रिकेट खेळायला गेला.

मूळ श्यांगचीतही अशी समोर उभी ठाकलेली रिकामी तोफ भीतीदायकच, पण तिथे मधली सोंगटी आणायला चाली खर्च होतात. इथे ती आकाशातून पडते. मी तेव्हापासून रथ आणि तोफा नदीच्या, म्हणजे श्यांगचीच्या पटावरच्या मधल्या पट्ट्याच्या, अलीकडे, म्हणजे आपल्याच अर्ध्या पटावर उतरवू देतो. यामागे गणित वगैरे काही नाही, एवढं केल्यावर भाचा पुन्हा खेळायला बसला इतकंच.

दुसरी चूक सोंगट्यांची. श्यांगचीच्या सोंगट्या गोल, मालक ओळखायचा रंगावरून. मारलेली लाल सोंगटी काळ्याने उतरवायची कशी? बहुतेक जण दोन्ही बाजूंना दोन रंग लावतात आणि स्वतःवर खूश होतात. पण मग शोगीची बढती हवी असेल तर ती कुठे लिहिणार? तिथे सोंगटीची पाठ बढतीसाठी राखलेली असते आणि मालक कळतो तो टोकाच्या दिशेवरून. म्हणूनच त्या एका रंगाच्या आणि पाचरीच्या आकाराच्या असतात. तेव्हा पुठ्ठा घ्या, कात्री घ्या आणि पाचरी कापा. एक संध्याकाळ जाते. ज्यांना एक संध्याकाळ जड वाटते ते थेट त्रिमितीय छपाईवाल्याकडे पळतात आणि खेळ फसल्यावर चाळीस प्लास्टिकच्या सोंगट्या घेऊन बसतात.

मराठीत नियम लिहिताना आणखी एक खड्डा आहे. आपला हत्ती सरळ चालतो, श्यांगचीचा हत्ती तिरका दोन घरं जातो आणि नदी ओलांडत नाही. मी नुसतं 'हत्ती' लिहिलं, तर पहिल्याच डावात दोघांनी तो रथासारखा पळवला. आता मी 'चिनी हत्ती' लिहितो.

हा हत्ती एरवी फक्त सात बिंदूंवर पोहोचू शकतो आणि सल्लागार पाच. ते सोडून भलतीकडे उतरवू दिलेत तर पुढचे घोळ तुमचे तुम्ही निस्तरा.

श्यांगची रेघांच्या छेदांवर खेळतात, ९० बिंदू. शोगी घरांत, ८१ घरं. आधी एक ठरवा, मग पट आखा.

सोंगट्या वाढवून खेळ 'भव्य' करू नका. जपानमध्ये ते करून झालंय: ताइक्योकु शोगी, ३६ गुणिले ३६ घरं, प्रत्येकी ४०२ सोंगट्या. मांडून होईपर्यंत चहा थंड.

तोच तोच डाव पुन्हा येत राहिला तर काय, हे लिहायला सगळे विसरतात. शोगीत तीच स्थिती चौथ्यांदा आली की डाव बरोबरीत, पण ती सततच्या शहामुळे आली असेल तर शह देणारा हरतो. मी हा नियम जसाच्या तसा घेतलाय. भाच्याला अर्थातच तो मान्य नाही.