चांदण्यात रानडुकराची शिकार: तिथी, सावली, वारा आणि नेम

आधी परवानगी. रात्रीची शिकार, आमिष टाकणं आणि बॅटरी वापरणं यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. जर्मनीत रात्री मोठ्या जनावरांवर बार टाकायला बंदी आहे, पण रानडुक्कर त्यातून वगळलेलं आहे. टेक्साससारख्या ठिकाणी मोकाट डुकरांची रात्रीची शिकार चालते. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अधिकृत परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे. तेव्हा कागद हातात असेल, जमिनीच्या मालकाची संमती असेल आणि आजूबाजूच्या माणसांना त्या रात्रीची कल्पना दिलेली असेल, तरच पुढचं सगळं.

चांदणं फसवं असतं. डोळे सरावले की सारं रान दिसतंय असं वाटतं, पण पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असतानाही जमिनीवर जेमतेम पाव लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. एवढ्या उजेडात डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत, कडा पुसट होतात आणि स्थिर काळी वस्तू झुडूप आहे की जनावर हे ठरत नाही. म्हणून ही शिकार बंदुकीपेक्षा जागा आणि वेळ निवडण्यावर जास्त अवलंबून आहे.

कोणती रात्र

शुद्ध दशमी ते चतुर्दशी या पाच रात्री सगळ्यांत चांगल्या. सूर्य मावळताना चंद्र आधीच वर आलेला असतो, त्यामुळे संधिप्रकाश आणि चांदणं यांच्यामध्ये अंधाराचा खंड पडत नाही. द्वादशीचा चंद्र पहाटे तीन-चारपर्यंत टिकतो, म्हणजे जवळजवळ अख्खी रात्र हाताशी असते.

पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. वद्य तृतीयेला सूर्यास्तानंतर दोन-अडीच तास काळोख असतो आणि बऱ्याचदा कळप नेमका त्याच वेळात शेतात येऊन चरून जातो. अष्टमीवर भरवसा ठेवू नका. चंद्र अर्धा दिसतो म्हणून उजेड निम्मा असेल असा समज होतो, पण तो पौर्णिमेच्या एक-दशांशाच्या आसपासच असतो. अर्ध्या चंद्रावर तिरका उजेड पडून तिथल्या खड्ड्याडोंगरांच्या सावल्या लांबतात, हे त्यामागचं एक मोठं कारण.

चंद्र क्षितिजापासून निदान ३० अंश वर हवा. त्याखाली असला की झाडांच्या लांब सावल्या शेतभर पसरतात आणि डुक्कर त्या सावल्यांतूनच चालतं. हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र आकाशात उंचावरून जातो, उन्हाळ्यात खालून. हिवाळ्याच्या रात्री उजळ वाटतात त्या यामुळेच. पातळ पांढुरके ढग असले तर बसायला हरकत नाही, उजेड मऊ होतो आणि सावल्या विरघळतात. तुकड्यातुकड्यांचे, पळते ढग असले तर घरी राहा. नेम धरलेला असताना मध्येच अंधार पडणं सगळ्यांत वाईट.

कुठे बसायचं

दिवसा माग काढा. डुकराच्या पावलात दोन बोथट खुरांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला, मागच्या दोन लहान खुरांचे ठसे उमटतात. हरणवर्गाच्या पावलाची टोकं अणकुचीदार असतात आणि मागची खुरं कडक जमिनीवर सहसा उमटत नाहीत. उकरलेली माती हातात घेऊन पाहा. ढेकळं ओलसर, गडद आणि कडा धारदार असतील तर उकरण कालच्या रात्रीची. कडा ढासळून वरची माती फिकी पडली असेल तर कळप पुढे सरकलेला आहे. लोळणीच्या डबक्यातलं पाणी गढूळ असेल तर जनावर नुकतंच जाऊन गेलंय. जवळच्या खोडावर अंग घासल्याचा चिखल आणि सालीत अडकलेले राठ केस सापडतात. त्या चिखलाची वरची कड जमिनीपासून मोजा, जनावराच्या उंचीचा अंदाज मिळतो.

आता पार्श्वभूमी, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. काळ्या जनावरामागे काळी झाडी असेल तर २५ मीटरवरही ते हरवतं. मागे कापणी झालेल्या पिकाचा सड, वाळलेलं गवत, वाळू किंवा बर्फ असेल तर तेच जनावर ७० मीटरवर ठसठशीत उठून दिसतं. शक्यतो थोड्या उंचीवर किंवा मचाणावर बसा. डुकरामागे झाडीऐवजी फिकी जमीन येते, आणि गोळी आरपार गेली तर जमिनीत शिरते. एक मात्र ध्यानात ठेवा: चिखलात लोळून वाळलेलं डुक्कर राखाडी होतं आणि वाळक्या गवतात मिसळून जातं. अशा वेळी रंगाऐवजी हालचाल आणि पायाखालची सावली शोधा.

चंद्र तुमच्या पाठीमागे पण थोडा बाजूला हवा, म्हणजे जनावराला गोलाई येते आणि पुढचा पाय, खांदा, कान वेगळे कळतात. समोरच्या चंद्राने स्कोपच्या, म्हणजे बंदुकीवरच्या नेम धरायच्या दुर्बिणीच्या, काचेत धुरकट चमक येते. तुम्ही स्वतः सावलीत असलं पाहिजे. चंद्र तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे आठ वाजता ज्या सावलीत बसलात ती अकरा वाजता निघून गेलेली असते आणि तुमचा चेहरा चांदण्यात येतो. बसण्याआधी चंद्राची वाट आकाशात बोटाने आखा आणि रात्रभर सावली देईल असं झाड निवडा.

वारा

डुकराची नजर यथातथा, कान तिखट आणि नाक अचाट. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे यायला हवा, यात तडजोड नाही. छोट्या बाटलीत राख किंवा टाल्कम पावडर ठेवा आणि दर १५-२० मिनिटांनी चिमूटभर उडवा.

डोंगरउतारावर एक वेगळीच गोष्ट घडते. सूर्य मावळला की जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन उतारावरून खाली वाहू लागते. संध्याकाळी पाच वाजता वर चढणारा वारा आठ वाजता उलटा फिरलेला असतो. तुम्ही वर बसलात आणि कळप खालच्या ओहोळातून आला तर तुमचा वास त्याच्याकडे आपोआप पोचतो. निवांत रात्री ही गार हवा खोलगट भागात साठून राहते, म्हणून खड्ड्याच्या काठावरही बसू नका. वारा फिरला तर जागा बदलत रेंगाळण्यापेक्षा गुपचूप उठून परत जा. एकदा वास लागलेला कळप कित्येक दिवस त्या वाटेला येत नाही.

डोळे, दुर्बीण, बंदूक

डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोबाइल बंद करून ठेवा. उजेड लागलाच तर मंद लाल. संशयास्पद काळा ठिपका थेट रोखून पाहू नका, त्याच्या दहा-पंधरा अंश बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या मधोमध अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात, त्या कडेला असतात. रोखून पाहिलेला ठिपका अंधारात नाहीसा होतो तो याचमुळे.

दुर्बीण ७×५० किंवा ८×५६. काचेचा व्यास भागिले वर्धन केलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते, म्हणजे ५० भागिले ७, साधारण ७ मिलिमीटर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते, वय वाढलं की ५ पर्यंत येते. १०×२५ ची खिशातली दुर्बीण फक्त अडीच मिलिमीटर देते, रात्री ती निरुपयोगी. स्कोपलाही हाच हिशेब लागू: ५६ मिलिमीटरची काच आणि वर्धन ६ ते ८. काळ्या जनावरावर काळी फुली दिसत नाही, म्हणून मध्यभागी प्रकाशित ठिपका हवा, आणि तो सगळ्यांत मंद पायरीवर. ठिपका तेजस्वी ठेवला तर त्याच्या झगमगाटात डुक्करच विरून जातं.

.३०८ किंवा तत्सम रायफल, शून्य ५० मीटरवर, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमाच्याच जागी लागेल अशी स्कोप जुळवलेली. बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत स्लग, म्हणजे एकच मोठी गोळी, चालतो, पण ज्या अंतरावर तो तळहाताएवढ्या जागेत सातत्याने बसतो तेवढ्यापर्यंतच. छर्रे नकोत. त्याने डुक्कर जखमी होऊन जातं आणि कुठेतरी हाल होऊन मरतं.

उजेड असतानाच ४० आणि ६० मीटरवर पांढरे दगड ठेवा. अंधारात अंतराचा अंदाज हमखास चुकतो. मग रात्री ही चाचणी करा: दोन पोत्यांत पेंढा भरून, वर काळं कापड गुंडाळून, डुकराच्या उंचीची आकृती उभी करा आणि एका टोकाला ‘पुढचा पाय’ म्हणून काठी लावा. स्कोपमधून काठी स्पष्ट दिसते ते शेवटचं अंतर म्हणजे त्या रात्रीची तुमची हद्द. बहुतेकांची ती ५० ते ७० मीटरच्या आत निघते. डुक्कर ‘दिसतं’ ते अंतर यात धरायचं नाही.

नेम

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी जागेवर बसा. काडतुसं, पाणी, बॅटरी हात घालताच सापडेल अशी ठेवा. चेन आणि वेल्क्रोचे कप्पे आधीच उघडून ठेवा, शांत रात्री वेल्क्रोचा आवाज फार लांब जातो. बंदुकीला टेकण हवंच.

कळप बहुधा ऐकू आधी येतो: फुसफुस, पिल्लांची किरकिर, पालापाचोळा. पहिलं जनावर दिसताच बार टाकू नका. आघाडीला मोठी मादी असते आणि पिल्लांच्या अंगावरचे पट्टे चांदण्यात दिसत नाहीत, तेव्हा मोठ्या जनावराच्या पायाशी लहान काळे गोळे फिरताहेत का ते पाहा. असतील तर त्या मादीला सोडा. मध्यम आकाराचं, बाजूला निघालेलं जनावर निवडा. एकांडा नर सहसा वेगळा आणि उशिरा येतो.

जनावर पूर्ण आडवं उभं राहू द्या. डुकराचं काळीज आणि फुप्फुसं हरणाच्या मानाने पुढे आणि खाली असतात. हरणासारखा खांद्यामागे नेम धरला तर गोळी यकृतात किंवा पोटात जाते. पुढच्या पायाची मागची कड धरून सरळ वर या, शरीराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर थांबा. रात्रीची नेहमीची चूक म्हणजे उंच बार. पाय गवतात बुडालेले असतात, पाठीवर राठ केसांची आयाळ असते, आणि डोळा या उरलेल्या आकृतीचा मध्य धरतो. गोळी मणक्याच्या वरच्या हाडांना लागते, डुक्कर जागीच कोसळतं, शिकारी खूश होतो, आणि दहा सेकंदांत ते उठून पळतं. डोक्यावर नेम चांदण्यात नको.

मागे दुसरं जनावर असेल, किंवा डुक्कर उंचवट्याच्या कडेवर आकाशासमोर उभं असेल, तर बोट चापावर जाता कामा नये. जे पक्कं ओळखलं नाही त्यावर बार नाही. रात्री शेतात वाकून चालणारा माणूसही काळा गोळाच दिसतो.

बार टाकताना दुसरा डोळा मिटून ठेवा. नळीच्या ज्वाळेने एक डोळा दिपला तरी दुसऱ्याचा सराव शाबूत राहतो.

बार झाल्यावर

लगेच दुसरं काडतूस भरा आणि जागेवरच बसून ऐका. कोणत्या दिशेने गेलं, झाडीत कोसळल्याचा आवाज आला का, मग शांतता. ज्या दगडाजवळ ते उभं होतं तो मनात पक्का करा. खाली उतरलं की सगळं दृश्य बदलतं आणि नेमकी जागा सापडत नाही. अर्धा तास थांबा.

मग झगझगीत बॅटरी घ्या, चांदण्यात रक्त काळ्या ओल्या डागासारखं दिसतं आणि दवाशी गल्लत होते. उभं असल्याच्या जागी फडकं बांधा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच पडलेलं असतं. गडद लाल म्हणजे यकृत, अजून थांबा. हिरवट घाण आणि आंबूस वास म्हणजे पोट. अशा वेळी परत जा आणि उजाडल्यावर दोरीला बांधलेला मागकाढू कुत्रा आणि सोबती घेऊन या. जखमी डुकरामागे रात्री एकट्याने दाट झाडीत शिरू नये. ते माणसाच्या मांडीच्या उंचीवर सुळे चालवतं आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर हाताशी मिनिटंच असतात. रक्त थांबवणारा पट्टा खिशात हवा, गाडीत नव्हे. पडलेल्या जनावराकडे पाठीकडून जा, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर आणखी एक गोळी.

सोलताना रबरी हातमोजे घाला, ब्रुसेलोसिस आणि लेप्टोस्पायरोसिस हे जनावरांकडून माणसाला होणारे रोग हातावरच्या चिरेतूनही येतात. आतडी लगेच काढा आणि मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसखाली न्या. जाड चरबीमुळे डुकराचं अंग आतून उशिरा निवतं आणि खांद्याजवळचं मांस आधी नासतं. शिजवताना आतलं तापमान ७१ अंशांवर गेलं पाहिजे. ट्रायकिनेला हा कृमी रानटी जनावरांत गोठवूनही जिवंत राहू शकतो, तेव्हा फ्रीझरवर विसंबू नका. कुत्र्यांना कच्चं मांस किंवा आतडी अजिबात घालू नका. डुकरांतला ऑजेस्की रोग माणसाला होत नाही, पण कुत्र्याला झाला तर ते वाचत नाही.