गियू तोमिओकाचा हाओरी घरीच कसा शिवायचा (आजीचं लुगडं असेल तर फारच चांगलं)

डीमन स्लेयर या जपानी ॲनिमे मालिकेचा इन्फिनिटी कॅसल सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात लागला, तेव्हापासून आमच्या अमळनेरातली पोरं विचारताय की त्यातल्या गियू या राक्षस मारणाऱ्या तलवारबाजाचा तो दोन रंगी कोट, म्हणजे हाओरी, कुठे मिळेल. ऑनलाइन मिळतो, पण तो चकचकीत पॉलिस्टर असतो आणि आपल्याकडच्या उन्हात अर्ध्या तासात अंगाला चिकटतो. आणि खरं सांगू का, हा हाओरी विकत घ्यायची गोष्टच नाहीये.

का ते आधी समजून घ्या, म्हणजे शिवताना चूक होणार नाही. गियूच्या उजव्या अंगाला सपाट मरून कापड आहे, ते त्याच्या मोठ्या बहिणीचं, त्सुताकोचं. तिचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि आदल्या रात्री राक्षस आला, भावाला लपवून ती स्वतः मेली. डाव्या अंगाला हिरवं-पिवळं-केशरी षटकोनांचं कापड, ते साबितोचं, त्याच्या दोस्ताचं. राक्षस मारणाऱ्यांच्या दलात घ्यायच्या शेवटच्या निवड परीक्षेत साबितोने बाकी सगळ्या पोरांना वाचवलं आणि तो एकटाच गेला. गियू तिथे जखमी होऊन पडला होता, त्याने एकही राक्षस मारला नाही तरी पास झाला, म्हणून हाशिरा, म्हणजे त्या दलातला सगळ्यात वरचा योद्धा, झाल्यावरही तो स्वतःला त्या जागेच्या लायक समजत नाही. तो गप्प राहतो त्याचं कारण हे आहे.

आपल्याकडे गोधडी अशीच होते ना. गेलेल्या माणसाचं लुगडं फेकत नाही, त्याची गोधडी शिवतात आणि नातवंडं ती पांघरतात. मी आजीचं मरून लुगडं कापायला काढलं तर मोठी माय ओरडली, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" मी तिला बहिणीची आणि दोस्ताची सगळी गोष्ट सांगितली तर ती जरा वेळ गप बसली आणि म्हणाली, "मंग हाई ते गोधडीच शे," आणि कात्री माझ्या हातातून घेऊन स्वतःच कापायला बसली.

आता कापड. साडेपाच फुटाच्या माणसाला प्रत्येक रंगाचं सव्वादोन मीटर लागतं, पन्ना ४४ इंचाचा धरून. मरूनसाठी जुनं सुती लुगडं असेल तर ते उजेडासमोर धरून बघा, बसायच्या जागी ते विरलेलं असतं, तो भाग सोडा आणि पदराकडचा घ्या. फारच पातळ असेल तर आतून अस्तर लावा. लुगडं नसेल तर जळगावच्या फुले मार्केटात साधं सुती कापड घ्या, फक्त लाल घेऊ नका, वाळलेल्या मिरचीसारखा गडद रंग पाहिजे. डाव्या बाजूसाठी पिवळं सुती. दोन्ही कापडं आधी मिठाच्या पाण्यात भिजवून धुवा, वाळवा, मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात एक बाजू आटते आणि सगळा हाओरी वाकडा होतो.

डिझाइन हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे आणि इथेच बरेच जण कंटाळतात, पण कंटाळू नका. जपानात या नक्षीला किक्को म्हणतात, कासवाच्या पाठीवरून. कंपासने २ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा, कंपास तेवढाच ठेवून कडेवर सहा खुणा करा, खुणा जोडल्या की षटकोन तयार. जुनी एक्स-रेची फिल्म घ्या, ब्लेडने त्यात तो आकार कापा, हा तुमचा स्टेन्सिल. फिल्म लवचिक असते आणि ओली होऊन फुगत नाही म्हणून पुठ्ठ्यापेक्षा कधीही बरी. स्पंजवर फॅब्रिक कलर अगदी थोडा घेऊन टिपत टिपत लावा, ब्रशने ओढलं की रंग कडेखाली जातो. आधी सगळे हिरवे, ते पूर्ण वाळले की केशरी, आणि गियूचा एक मोठा फोटो समोर ठेवूनच रंगवा, अंदाजाने नको. एक दिवस वाळू द्या आणि उलट्या बाजूने इस्त्री फिरवा.

कटिंग सोपं आहे कारण सगळे आयतच आहेत. प्रत्येक रंगातून अंगाची एक पट्टी १५ बाय ८० इंच, बाहीची १५ बाय ४२, गळपट्टी ५ बाय ४६. अंगाची पट्टी खांद्यावर दुमडली की अर्धी पुढे, अर्धी मागे, खांद्याला शिवण येतच नाही. पुढच्या भागातून मधल्या बाजूने मानेपासून खालपर्यंत ३ इंच रुंद पट्टी कापून काढा, मागे मानेपाशी फक्त इंचभर खोल. इथे लक्ष द्या, छापलेल्या कापडाची सुलटी बाजू एकच असते, म्हणून कात्री लावायच्या आधी दोन्ही पट्ट्या अंगावर टाकून आरशात नाही, तर समोर माणूस उभा करून बघा. त्याला मरून रंग त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे दिसला म्हणजे बरोबर. एका टेलरने माझ्या मित्राचा हाओरी उलटा शिवून दिला होता, साबितो उजवीकडे गेला, आणि तो पूर्ण उसवावा लागला.

सगळ्यात आधी पाठीची मधली शिवण घाला. दोन माणसं जिथे जोडली जातात ती हीच शिवण, म्हणून ती सरळ आणि पक्की पाहिजे, दोनदा मारा. मग बाही, बाहीचा मध्य खांद्याच्या घडीवर ठेवून दोन्हीकडे ११ इंच जोडा, खालचा भाग मोकळा लोंबू द्या. मनगटाशी ९ इंच उघडं ठेवून बाकी बंद. मग बगला, शेवटी गळपट्टी. मोठ्या मायने गळपट्टी हाताने धावदोऱ्याने शिवली, गोधडीसारखी, आणि ती मशीनपेक्षा छान बसली.

आत गडद रंगाचा बंद गळ्याचा शर्ट आणि पँट चालते. तलवार लाकडाची किंवा सनबोर्डची करा, पातं निळं, आणि मुठीजवळ हाशिरांच्या तलवारीवर असतात ती चार अक्षरं, अक्की मेस्सात्सु, म्हणजे दुष्ट राक्षसांचा नाश. लोखंडी पातं घेऊन एसटीत वगैरे अजिबात चढू नका.

आता उभं कसं राहायचं. बरेच जण भुवया आवळून रागीट चेहरा करतात, ते चूक आहे, गियू रागीट नाही. मालिकेच्या पहिल्याच भागात तो बर्फात गुडघे टेकून विनवणाऱ्या तांजिरोवर, म्हणजे गोष्टीच्या नायकावर, जीव तोडून ओरडतो, ते त्या पोराने उठावं म्हणून. सगळं आत असलेला माणूस आहे तो. त्याने स्वतः बनवलेला तलवारबाजीचा अकरावा प्रकार आहे नागी, म्हणजे समुद्रावरचा वारा पडणं. नातागुमो डोंगरावर रुई नावाच्या राक्षसाचे धागे त्याच्यापर्यंत येतात आणि तुटून पडतात, तो हललेला दिसतही नाही. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. वैशाखातल्या दुपारी पारा ४५ ला असताना केळीच्या बागेत वारा पडतो, एक पान हलत नाही, ते डोळ्यासमोर आणा. खांदे सोडा, तलवार खाली, श्वास नाकाने, नजर समोरच्याच्या जरा पलीकडे.

फोटो काढून झाले की हाओरी हँगरला लटकवू नका, जुनं कापड खांद्यावर फाटतं. घडी करा, मरून बाजू आत, मध्ये कडुनिंबाची वाळलेली पानं, आणि गोधड्यांच्या ढिगातच ठेवा. माझा तिथेच आहे.