वरच्या दोन खोल्या आणि माझी झोप

भुसावळला वरच्या दोन खोल्या भाड्याने देते. पहिल्या वर्षी भाडेकरूचा फोन आला की छातीत धस्स व्हायचं. आता नाही.

करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं. खोटं ठरवायचं ओझं आपल्यावर. माझा पहिला भाडेकरू म्हणायचा, "काकू, लाइट बिल भाड्यातच ठरलं होतं ना!" आणि मे महिन्यात कूलर रात्रंदिवस घरघरत होता. तेव्हापासून सबमीटर. एक तारखेला जिन्याखाली दोघांनी उभं राहून आकडा बघायचा, फोटो त्याच्याच मोबाइलवर.

पाण्याचं आधीच बोला: नळ कधी येतो, मोटर कोण लावणार. आमची निम्मी भांडणं टाकीपाशीच झाली.

अनामत वेगळ्या खात्यात ठेवा. मी एकदा त्यातून लग्नाचा आहेर केला, आणि परत देताना सोनं मोडायची वेळ आली.

आणि रात्री नऊनंतर गळका नळ ऐकूनच घेत नाही. "बादली लाव रे भाऊ, प्लंबर सकाळी."