घरात मोबाईल एकच आहे? तरी मतदार यादीत नाव असं टाका

राजकारणावर बोलणारे पोट्टे नागपुरात कमी नाहीत, सीताबर्डीपासून जरीपटक्यापर्यंत कुठल्याही टपरीवर उभं राहून पाहा. पण यादीत नाव आहे का विचारलं की लय जण चूप होतात, अन दरवेळी ते आळसामुळं नसते. घरात मोबाईल एक, नेट संपलेलं, ओटीपी ज्या नंबरवर येते तो माणूस ड्युटीवर. पोरींचं तर जास्तच अडते कारण फोन भावाजवळ किंवा बाबांजवळ.

म्हणून आधी वेळ ठरवा, ज्याचा नंबर द्यायचा तो घरी असला पाह्यजे. स्वतःचा फोटो, जन्मतारखेसाठी दहावीचं सर्टिफिकेट, पत्त्यासाठी लाईट बिल (आईवडिलांच्या नावावरचं चालते), या सगळ्याचे साफ फोटो आधीच काढून ठेवा म्हणजे अर्ध्यात डेटा संपणार नाही. मग निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर फॉर्म 6 भरा. नाव आधीच आहे, फक्त घर बदललं तर फॉर्म 8. नंतर बीएलओ (तुमच्या भागातल्या मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी) पडताळणीला येते, घरी सांगून ठेवा.

आता 1 जानेवारीलाच 18 पूर्ण पाह्यजे असं राहिलं नाही, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर या तारखाही धरतात, अन 17 झाले की आगाऊ अर्ज करता येते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्यावरून इथं शिकायला आलेल्यांनी हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव टाकलं तरी चालते, कॉलेजच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र लागते. पण गावची यादी किंवा इथली, एकच ठेवा, दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे.

फोनच नसेल तर बीएलओकडं कागदावरचा फॉर्म 6 द्या, त्याले पैसे लागत नाहीत. बीएलओ कोण ते 1950 वर फोन करून विचारा.

अन मनपाची निवडणूक लागल्यावर पाहू म्हणून थांबू नका. ती राज्य निवडणूक आयोग घेते, पण यादी विधानसभेचीच प्रभागाप्रमाणे फोडतात, तीही ठरवलेल्या तारखेपर्यंतची, त्यानंतर कितीही धावपळ केली तरी त्या वेळी मत देता येत नाही.

मत देऊन काम संपते असं मले वाटत नाही. डिसेंबरात अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमजवळ धरणे, मोर्चे दिसतात, पण रोजचे प्रश्न घरबसल्याही विचारता येतात. राज्याच्या आरटीआय (माहिती अधिकार) पोर्टलवर 10 रुपये फी भरून अर्ज होते, साधारण 30 दिवसात उत्तर द्यावं लागते. अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर. "रस्ता खराब काऊन आहे" असं लिहू नका. त्या रस्त्याच्या कामाची वर्क ऑर्डर, मंजूर रक्कम, काम संपायची तारीख, एवढ्या कागदांच्या प्रती मागा. कागद हातात आला की नगरसेवकाशी बोलणंच बदलते.

तुमच्याजवळ चांगलं नेट असेल तर वस्तीतल्या चारपाच जणांना सोबत बसवा. फॉर्म त्यांनाच भरू द्या, आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर मागू नका, काम झालं की तुमच्या फोनमधून डिलीट करा. अन रेफरन्स नंबर ज्याचा त्याच्या वहीत लिहून द्या, अर्ज कुठं अडला ते त्याच नंबरवरून पाहता येते.