फी ठरवताना जागा मोजू नका, येणारी माणसं मोजा

ना-नफा कलासंस्थेत नव्यानं कार्यक्रम सांभाळणारा माणूस फी ठरवताना सहसा दोनच गोष्टी बघतो: गेल्या वर्षी किती होती आणि शेजारची संस्था किती घेते. दोन्ही आकडे दिशाभूल करतात. गेल्या वर्षीची बॅच तोट्यात गेली का, हे बहुधा कुणी तपासलेलं नसतं, आणि शेजारच्यांना जागा फुकट मिळालेली असू शकते.

त्यापेक्षा एका बॅचचा पूर्ण खर्च मांडा. समजा, मातीकामाची बॅच आहे: आठ सत्रं, प्रत्येकी २ तास, १२ जागा. (आकडे समजण्यापुरते आहेत, चलन कुठलंही धरा.) वेळापत्रकात शिक्षकाचे १६ तास दिसतात. पण माती मळून ठेवणं, सुकलेली भांडी भट्टीत रचणं, भाजून झाल्यावर काढणं यात दर सत्रामागे आणखी एक तास जातो. म्हणजे २४ तास, ताशी ८०० प्रमाणे १९,२०० मानधन. हा वरचा तास हिशोबात घेतला नाही, तर शिक्षक तो फुकट देत राहतात आणि एक दिवस सोडून जातात.

मग वरखर्च. भाडं, वीज, विमा, हिशोबनीस, समन्वयकाचा पगार मिळून वर्षाला ८,४०,००० आणि खोली वर्षभरात १,२०० तास वापरात असेल, तर तासाला ७०० पडले. मांडणी आणि साफसफाई धरून ही बॅच दर सत्राला ३ तास खोली अडवते, म्हणजे १६,८००. दोन्ही मिळून ३६,०००. हा खर्च माणसं कितीही आली तरी तेवढाच. त्यावर माणशी माती, ग्लेझ, भाजणी आणि ऑनलाइन पेमेंटचं कमिशन मिळून १,०००.

आता भागाकार. १२ माणसं आली तर माणशी ४,०००, ९ आली तर ५,०००, ६ आली तर ७,०००. इथंच बहुतेकांचा पाय घसरतो: जागा १२ म्हणून फी ४,००० ठेवतात, येतात ९, आणि ९,००० चा खड्डा पडतो. मागच्या पाच-सहा बॅचेसची हजेरीपत्रकं काढा. नावनोंदणी नव्हे, पैसे भरून टिकलेली माणसं मोजा आणि त्या सरासरीनं भागा.

बॅच रद्द करायची का, हा हिशोब मात्र वेगळा. फी ५,००० असेल तर प्रत्येक माणसामागे १,००० साहित्याला जाऊन ४,००० हातात राहतात. बॅच रद्द केली तर वाचतं ते शिक्षकाचं मानधन. भाडं काही वाचत नाही. ५ माणसांत २०,००० जमून मानधन निघतं, तेव्हा ५ वर चालवा, ४ वर रद्द करा. पण सगळ्याच बॅचेस पाच-पाचवर चालल्या तर भाडं कोण भरणार?

सवलतीचा प्रश्न यानंतर येतो, आधी नाही. फीचे तीन टप्पे ठेवता येतात: ३,०००, ५,००० आणि ७,०००. मधल्या आकड्यासमोर ‘या बॅचचा खरा खर्च’ असं स्पष्ट लिहा. एरवी लोक मधला आकडाच महाग समजतात. उत्पन्नाचे दाखले मागू नका. ज्याला गरज आहे तोच संकोचून मागे फिरतो. वरच्या टप्प्यातले २ आणि खालच्या टप्प्यातले २ असे जमले तर ९ जणांत ४५,००० पुरे होतात. प्रत्यक्षात वरचा १ आणि खालचे ३ येतात, म्हणजे ४,००० कमी. ते देणगीतून भरायचे असतील तर वर्षाच्या सुरुवातीलाच त्या नावानं रक्कम बाजूला काढा. संपली की त्या वर्षापुरती संपली.

अनुदानाच्या भरवशावर कायमची फी कमी करू नका. तीन वर्षांचा प्रकल्पनिधी संपतो, लोकांची सवय संपत नाही.

आणि दरवर्षी थोडी वाढ करा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं, की चौघांची रचना वाजवायला आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो, पण इतर क्षेत्रांतले पगार वाढले की कलाकारांचं मानधनही वाढवावंच लागतं. भांडं घडवायला शिकवण्याचंही तसंच. खर्च वर्षाला ६ टक्के वाढत असताना चार वर्षं फी गोठवली, तर पुढची उडी २६ टक्क्यांची असते. ५,००० चे एकदम ६,३०० झाले की जुने विद्यार्थी भांडतात, ५,३०० झाले तर फार तर कुरकुरतात. वाढ नव्या बॅचपासून लावा, चालू बॅचच्या मधे नाही, आणि नावनोंदणी उघडायच्या निदान एक महिना आधी कळवा.