छोट्या टर्बो पेट्रोलची गाडी घेताय? आधी १५०० आरपीएमला काय होतं ते बघा

छोटी गाडी घ्यायची ठरली की पहिल्यांदा सगळे जण एकच आकडा बघतात, हॉर्सपॉवर किती. एक लिटरचं इंजिन आणि ११०-१२० हॉर्सपॉवर म्हटलं की माणूस खुश, मूर्ती लहान पण कीर्ती महान वगैरे. मीही तेच केलं होतं. दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह, मोकळा रस्ता, तिसऱ्या गिअरला पाय दाबला, पाठ सीटला चिकटली आणि तिथल्या तिथे बुकिंग. मग रोजच्या गर्दीत चालवायला लागल्यावर कळलं की स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरला उतरलं की गाडी अक्षरशः विचार करत बसते, जाऊ का नको, आणि मग एकदम उसळी मारते. गाडीत दोष काही नव्हता, मी बघायला हवं होतं ते बघितलंच नव्हतं.

तर बघायचं काय? टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर, एनएममध्ये मोजतात) किती आहे यापेक्षा तो किती आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सुरू होतो ते.

थोडक्यात सांगतो टर्बो करतो काय. सायलेन्सरमधून फुकट जाणारा गरम धूर एक छोटं पातं फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरं पातं असतं ते हवा दाबून इंजिनात कोंबतं, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. छोट्या टर्बोचं हे पातं मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे मारू शकतं. पण मेख अशी की धूरच कमी असेल तर पातं फिरणार कसं? त्यामुळे खालच्या आरपीएमला टर्बो झोपलेला असतो आणि तेवढा वेळ तुम्ही एक लिटरचं साधं इंजिनच चालवत असता, आणि साध्यापेक्षाही जरा मंद, कारण टर्बो इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. उदाहरण म्हणून सुझुकीची २०१७ ची युरोपातली स्विफ्ट घ्या, तिच्यात १.२ चं साधं इंजिन आणि १.० चं बूस्टरजेट टर्बो दोन्ही मिळायची. साध्याचा टॉर्क १२० एनएम आणि तोही ४४०० आरपीएमला, टर्बोचा मॅन्युअलमध्ये १७० एनएम आणि २००० पासून ३५०० पर्यंत सपाट. कागदावर टर्बो कुठल्या कुठे पुढे. पण कॉम्प्रेशन बघा, साध्याचं १२.५ आणि टर्बोचं १०. म्हणजे १२००-१३०० आरपीएमला, बूस्ट म्हणजे टर्बोने कोंबलेली हवा यायच्या आधी, ते मोठं साधं इंजिनच जास्त शहाण्यासारखं वागणार.

आता ब्रोशर कसं वाचायचं. टॉर्कच्या पुढे आरपीएम लिहिलेला असतो तो बघायचा. रेनोचं ०.९ टीसीई, क्लिओमध्ये यायचं ते, ९० हॉर्सपॉवर आणि सुरुवातीला १३५ एनएम, अडीच हजाराला. फोर्डचं १.० इकोबूस्ट, १०० हॉर्सपॉवरचं, १७० एनएम आणि ते १४००-१५०० लाच हजर. हॉर्सपॉवरमध्ये फरक दहाचा, पण गर्दीत चालवताना या दोन वेगळ्याच जातीच्या गाड्या वाटतात. साधारण १५००-१८०० च्या आत पूर्ण टॉर्क लिहिला असेल तर निम्मी काळजी मिटली. २५०० च्या पुढे लिहिला असेल तर सावध. अर्थात पूर्ण टॉर्कच्या आधी किती मिळतो हे ब्रोशर सांगत नाही, ते चालवूनच कळतं, म्हणून टेस्ट ड्राइव्हवर जरा जास्त बोलतो.

एक म्हणजे मोकळ्या रस्त्यावर नेऊच नका, तिथे सगळ्याच टर्बो गाड्या भारी वाटतात. गर्दीचा रस्ता मागा. गाडीत चार माणसं बसवा, एसी फुल करा, सेल्समन नको नको म्हणेल तरी करा. मग दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इतकी हळू करा की आरपीएम १२०० च्या आसपास येईल आणि नेहमीसारखा पाय द्या, जोरात नाही. गाडी गुळगुळीत उचलते का, का आधी काहीच नाही आणि मग धक्का? हीच गोष्ट तिसऱ्यामध्ये १५०० ला करा. मग चढावर थांबून उचला, हाफ क्लच किती वेळ धरावा लागतो ते बघा, बंद पडते का बघा. मग ओव्हरटेक, तिथे टर्बोचीच बाजू भक्कम असते, गिअर न बदलता ओढून नेते. आणि शेवटी न्यूट्रलला उभी करून स्टिअरिंगवर हात ठेवा, आरशाकडे बघा. ही बहुतेक इंजिनं तीन सिलिंडरची, जरा थरथर असतेच (फोर्डने तर बॅलन्स शाफ्ट न लावता मुद्दाम बॅलन्स बिघडवलेलं फ्लायव्हील आणि पुली लावून ती थरथर मारली, मला ही आयडिया फार आवडते). फियाटचं ट्विनएअर तर दोनच सिलिंडरचं, ८७५ सीसी, त्याचा आवाज काहींना गोड वाटतो आणि काहींना शिलाई मशीन. ज्याची त्याची आवड, पण रोज तासभर तोच आवाज ऐकायचाय हे लक्षात ठेवा.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर अर्धा लॅग, म्हणजे टर्बो जागा होईपर्यंतचा उशीर, गिअरबॉक्सच झाकतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा) छोट्या टर्बोशी सगळ्यात छान जमतो कारण सुरुवातीला कन्व्हर्टर स्वतःच थोडा टॉर्क वाढवून देतो आणि इंजिनाला आरपीएम धरायला वेळ मिळतो. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गर्दीत मऊ, पण पाय दाबला की आवाज आधी आणि वेग मागून. ड्युअल क्लच (आळीपाळीने चालणारे दोन क्लच) पळवायला मस्त, पण कोरड्या क्लचवाला असेल आणि तुमचं निम्मं आयुष्य जाममध्ये इंच इंच सरकण्यात जात असेल तर विचार करा, क्लच तापतो.

आणि मुळात टर्बो हवाच का, हेही एकदा स्वतःला विचारा. रोज पाच-सात किलोमीटर जायचं, एकट्याने, सपाट रस्त्यावर, तर साधं पेट्रोल इंजिन घ्या आणि निवांत रहा, इंजिन धड गरम होईपर्यंत तुम्ही पोचलेले असता आणि तसल्या वापरात टर्बोचं तेल लवकर खराब होतं. पण हायवे भरपूर असेल, गाडी भरून जात असेल, डोंगर चढायचे असतील तर टर्बोला पर्याय नाही. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवेचा दाब जवळजवळ पाचवा भाग कमी होतो, साधं इंजिन तेवढं धापा टाकतं, टर्बो मात्र जास्त फिरून बरंचसं भरून काढतो.

मायलेजचं काय? छोट्या टर्बोचं मायलेज तुमच्या पायात असतं. हळू चालवलं तर इंजिन छोटं, म्हणून कमी पितं. टर्बोचा आनंद घेत बसलात तर एकाच इंजिनातून दीड इंजिनाचं काम काढताय, मग पेट्रोलही तेवढंच जाणार. युरोपात मायलेज मोजायची जुनी एनईडीसी टेस्ट इतक्या हळुवार पायाने व्हायची की आकडे सुंदर दिसायचे आणि रस्त्यावर कुणालाच मिळायचे नाहीत, २०१७ पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी आली ती जरा बरी. जुन्या गाडीचा आकडा बघताना तो कुठल्या टेस्टचा आहे ते बघा.

आता बॉनेटखालचं. इंजेक्शन डायरेक्ट आहे का पोर्टमध्ये, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं का त्याआधी हवेच्या वाटेत, हे विचारा. डायरेक्टमध्ये ताकद आणि मायलेज चांगलं, पण इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडत नसल्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि वर्षानुवर्षं कार्बन साठतो. पोर्टवालं साधं, कमी भानगडीचं, जरा कमी जोरकस. गाडी वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर मला पोर्टवालं आवडतं, पण हे माझं मत झालं.

त्याहून महत्त्वाचं, टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडणं-मिटणं, कशावर आहे? चेन, कोरडा बेल्ट का ओला बेल्ट. ओला म्हणजे रबरी बेल्ट इंजिनाच्या तेलातच फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, पण तेल चुकीचं पडलं किंवा उशिरा बदललं की बेल्ट फुगतो, त्याचे कण सुटतात आणि तेल खेचणारी जाळी बंद करतात, मग तेलाचा दाब जातो आणि इंजिनच जातं. सुरुवातीची १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनची १.२ प्युअरटेक या पद्धतीची. प्युअरटेकचा त्रास इतका झाला की स्टेलांटिसने (प्यूजो-सिट्रोएनची मालक कंपनी) २०२४ मध्ये युरोपात त्यावर १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंतचं कव्हर जाहीर केलं. पुढे दोघांनीही चेनकडे मोर्चा वळवला, इकोबूस्टमध्ये ऑइल पंपाला मात्र बेल्ट राहिला. पण चेन म्हणजे निश्चिंत असंही नाही हां, फोक्सवॅगनच्या जुन्या १.२ टीएसआयमध्ये चेनच ताणायची, म्हणून २०१२ पासूनच्या ईए२११ मालिकेत त्यांनी कोरडा बेल्ट आणला. ओला बेल्ट असेल तर घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण कंपनीने सांगितलेलंच तेल आणि सांगितलेल्या वेळेच्या आधीच बदल, हे जमणार नसेल तर नका घेऊ.

तेलाचा विषय निघालाच आहे तर हेही. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये दणकून पाय दिला की कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, पिस्टन फुटू शकतो इतका मोठा दणका असतो तो. तेलातल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटचा यात हात असतो असं कळल्यावर तेलाची मानकंच बदलली, अमेरिकेतल्या एपीआय या संस्थेचं २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी. तेव्हा डब्यावर एसपी किंवा त्याच्या नंतरचं मानक आहे का बघा, शिवाय कंपनीचा स्वतःचा कोड. आणि पाचव्या गिअरला १३०० वर चढ चढवायची सवय असेल तर ती सोडा, एक गिअर खाली घ्या.

जुनी घेत असाल तर आधी सर्व्हिसचे कागद, मग गाडी. तेल वेळेवर बदलल्याच्या नोंदी नसतील तर किंमत कितीही पाडली तरी मी उठून यायचो. तेलाच्या झाकणाखाली काळा चिखल आहे का बघा, ओला बेल्ट असेल तर काही इंजिनांत त्याच भोकातून टॉर्च मारून बेल्टच दिसतो, चिरा दिसल्या की विषय संपला. इंजिन थंड असतानाच चालू करा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. चालवताना हलकी शिट्टी चालते, सायरनसारखं किंचाळणं नाही चालत. उतारावर पाय सोडून परत दिला की मागून निळा धूर येतो का हे बघायला एखाद्या मित्राला मागच्या गाडीत बसवा. पाय दिल्यावर फुस्स आवाज आणि दम नाही म्हणजे बहुतेक पाइप कुठेतरी फाटलाय, ते स्वस्तात होतं, त्यावरून भाव करा. आणि आधीच्या मालकाने सॉफ्टवेअर मारून पॉवर वाढवलीये का, हे सरळ तोंडावर विचारा. नाही म्हणताना जरा थांबला, तर समजून जा.